केसपेपरवर आपलं नाव

12 मार्च 2017. रविवार होता आणि होळीची रात्र. धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात, लोकांच्या तोंडी सिव्हिलमध्ये, अपघातात डोक्याला मार लागलेला एक माणूस आणला गेला. ड्यूटीवर हाडांच्या विभागातला एक तरुण निवासी डॉक्टर होता. अशा दुखापतीला न्यूरोसर्जन लागतो आणि तो तिथे नव्हता. पेशंटला दुसरीकडे हलवा, असं त्याने नातेवाइकांना सांगितलं. सरकारी दवाखान्यात हे वाक्य दिवसातून कितीदा तरी बोललं जातं, पण त्या रात्री ते ऐकणाऱ्यांचा तोल गेला. जमावाने डॉक्टरला घेरून कसं मारलं ते कॅमेऱ्यात टिपलं गेलं आणि दोन दिवसांत महाराष्ट्रातल्या मेडिकल कॉलेजांच्या होस्टेलांमधून मोबाइलवर फिरलं. डॉक्टरच्या एका डोळ्याची दृष्टी जवळपास गेली.

पुढच्या आठवड्यात मुंबईत सायनच्या रुग्णालयातही निवासी डॉक्टरला मारहाण झाली. 20 मार्चपासून राज्यातले सुमारे 4000 निवासी डॉक्टर रजेवर गेले. संप म्हणायची सोय नव्हती, म्हणून ‘सामूहिक रजा’. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. मुख्य न्यायमूर्ती मंजुळा चेल्लूर यांच्या खंडपीठाने डॉक्टरांना खडसावलं आणि सरकारलाही सुरक्षेचा हिशेब विचारला. सरकारने 1100 सुरक्षारक्षक द्यायचं कबूल केलं. डॉक्टर कामावर परतले.

धुळ्याच्या त्या रात्रीचं नाव निघतं ते आजही याच संदर्भात: रक्षक किती दिले, पास किती नातेवाइकांना, दारावर पोलीस आहे की नाही. त्या तरुणाच्या मनाचं पुढे काय झालं, तो पुन्हा रात्रीच्या ड्यूटीला उभा राहिला तेव्हा पावलांच्या आवाजाने दचकत होता का, हे कोणी विचारल्याचं मला कुठल्या बातमीत आढळलं नाही. कायद्यालाही ते विचारायचं कारण नव्हतं. महाराष्ट्राने 2010 मध्येच वैद्यकीय सेवेतल्या माणसांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला होता. तीन वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, मोडलेल्या सामानाची दुप्पट भरपाई, गुन्हा अजामीनपात्र. काच फुटली तर तिची किंमत कशी वसूल करायची हे त्यात आहे. माणूस आतून फुटला तर काय, यावर त्यात एक ओळ नाही.

आता त्याच महिन्यातली दुसरी एक तारीख. डॉक्टर कामावर परतून दोन-तीन दिवस झाले होते. 27 मार्च 2017 रोजी लोकसभेने मानसिक आरोग्यसेवा विधेयक मंजूर केलं. राज्यसभेने ते आधीच्या ऑगस्टमध्येच मंजूर केलं होतं, 7 एप्रिलला राष्ट्रपतींची सही झाली. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांच्या अंगावरच्या जखमांची एवढी चर्चा चालू असताना, देशातल्या प्रत्येकाच्या मनावरच्या जखमांचा कायदा दिल्लीत मंजूर होत होता. या दोन बातम्या कोणी शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या नाहीत.

हा कायदा यायच्या आधीची आपली परंपरा काय होती, ते थोडक्यात सांगायला हवं. 1912 चा कायदा ‘वेड्यांचा’ होता, त्याच्या नावातच ते होतं. स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षं तोच चालला. 1987 मध्ये नवा झाला, तोही अमलात यायला 1993 उजाडलं. महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. चारही खान्देशाबाहेर. त्यामुळे जळगाव-धुळ्याच्या माणसाला मनाचा आजार म्हणजे रेल्वेचं तिकीट आणि कायमची बदनामी. ‘ठाण्याला न्यायला पाहिजे याला’ हे आपल्याकडे चेष्टेत म्हणतात. ज्याच्या घरातलं कोणी खरंच ठाण्याला गेलेलं असतं, तो त्या चेष्टेला हसत नाही.

आणि जीव द्यायला निघालेला माणूस वाचला, तर त्याच्यासाठी भारतीय दंड संहितेचं कलम 309 होतं. एक वर्षापर्यंत कैद. हे कलम मोडीत काढायचा मान मुंबई उच्च न्यायालयाचा. 1986 मध्ये मुंबई पोलीस दलातल्या एका शिपायाचं प्रकरण न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्यापुढे आलं. रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला मार लागल्यानंतर या शिपायाला मानसिक आजार जडला होता. त्याने स्वतःला संपवायचा प्रयत्न केला आणि खात्याने ज्याला सांभाळायचं त्याच्यावर खटला भरला गेला. न्यायालयाने 309 घटनाबाह्य ठरवलं. दहा वर्षांनी, 1996 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ज्ञान कौर प्रकरणात ते कलम पुन्हा उभं केलं. ते 2017 च्या कायद्यापर्यंत तसंच होतं.

या कलमाचा कागद सर्वात जवळून कोण पाहतो? कॅज्युअल्टीतला डॉक्टर. खान्देशातल्या कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात एमएलसीचं, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणांचं, रजिस्टर असतं. अपघात, मारामारी, जळालेली माणसं, जीव देऊन पाहिलेली माणसं, सगळ्यांची नोंद त्यात. इंटर्न किंवा निवासी डॉक्टर ती लिहितो, पोलीस चौकीला कळवतो, वॉर्डातल्या पंचवीस जणांना दहा मिनिटांत कळतं. मनोविकार विभागाची ओपीडी कोणत्या खोलीत आहे हे शिपायापासून चहावाल्यापर्यंत सर्वांना ठाऊक असतं. केसपेपर काढायला खिडकीवर नाव सांगावं लागतं. डॉक्टरला मदत मागायला लाज वाटते, असं लोक सहज म्हणून जातात. मला ते अर्धंच खरं वाटतं. उरलेलं अर्धं असं की आपल्या हाताने रोज हजार केसपेपर लिहिणाऱ्याला, केसपेपरवर नाव आलं की त्याचं पुढे काय होतं, हे इतरांपेक्षा चांगलं माहीत असतं.

2017 च्या कायद्याने नेमकी हीच भीती ओळखली होती, हे मान्य करायला हवं. कलम 115: आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला भरायचा नाही, उलट त्याच्या उपचारांची आणि पुनर्वसनाची जबाबदारी सरकारची. कलम 3: पूर्वी उपचार घेतले होते, एवढ्यावरून कोणाला आज किंवा उद्या मनोरुग्ण ठरवायचं नाही. कलम 18: प्रत्येकाला मानसिक उपचारांचा हक्क, आणि जिल्ह्यात ती सरकारी सेवा नसेल तर जिल्ह्यातच दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने द्यायचा. कलम 23 गोपनीयतेचं. उपचारांची माहिती कोणाला सांगता येते त्याची यादी त्यात आहे: रुग्णाने नेमलेला प्रतिनिधी, उपचार करणारे दुसरे डॉक्टर, कोणाच्या जिवाला धोका असेल तर तेवढ्यापुरती, न्यायालयाचा किंवा मंडळाचा आदेश, सार्वजनिक सुरक्षा. ही यादी मी दोनदा वाचली. त्यात विभागप्रमुख नाही, अधिष्ठाता नाही, नोकरी देणारा नाही. हे मोडलं तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कायदा 29 मे 2018 रोजी अमलात आला.

त्याच मे महिन्याच्या पहिल्या तारखेला जळगावची एक मुलगी मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे नायरमध्ये, स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षणाला रुजू झाली होती. डॉ. पायल तडवी. रावेर, यावल, चोपडा या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत तडवी भिल्लांची वस्ती आहे. केळीच्या बागांच्या पट्ट्यातली ही माणसं धर्माने मुसलमान, सरकारदरबारी अनुसूचित जमातीत. त्यांच्यातल्या मुलीने मिरजेहून एमबीबीएस व्हावं आणि पुढे मुंबईत एमडीला जागा मिळवावी, ही त्या समाजात गावभर सांगायची गोष्ट. शिकून जळगाव भागात परतायचं, आपल्या लोकांत दवाखाना टाकायचा, असं ती म्हणत असे, हे तिच्या घरच्यांनी नंतर सांगितलं.

22 मे 2019 रोजी पायलने होस्टेलच्या खोलीत जीवन संपवलं. वय 26. ज्या कायद्याने तिच्या मनाला हक्क दिले होते, त्याला वर्ष पुरं व्हायला सात दिवस होते. तिची जवळजवळ सगळी रेसिडेन्सी त्या कायद्याच्या छत्राखाली गेली.

घरच्यांचा आणि सरकारी पक्षाचा आरोप असा की तीन वरिष्ठ निवासी डॉक्टर तिला जातीवरून टोमणे मारत, पेशंटसमोर अपमान करत, शस्त्रक्रियेच्या कामातून बाजूला ठेवत. त्या तिघींनी हे नाकारलं आहे आणि निकाल लागलेला नाही, म्हणून त्यावर मी काही लिहीत नाही. मला त्याआधीचे काही महिने महत्त्वाचे वाटतात. आई आबेदा तडवी कर्करोगाच्या उपचारांसाठी त्याच रुग्णालयात यायच्या, लेकीचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले, असं त्यांचं सांगणं. 2018 च्या डिसेंबरात गोष्ट वरिष्ठांच्या कानावर घातली गेली, काही काळ युनिट बदलून मिळालं, मग पुन्हा तेच. मे महिन्यात आई अर्ज घेऊन महाविद्यालयात गेल्या, असं कुटुंब म्हणतं. आपल्याकडे लेखी तक्रार आलीच नाही, असं महाविद्यालयाने तेव्हा सांगितलं.

लेखी. या एका शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा आहे, चांगला कायदा. दोन वर्षांपर्यंत कैद, दोषी विद्यार्थ्याला पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, टाळाटाळ केली तर तोही गुन्ह्याला साथ देणारा धरला जातो. पण तक्रार विद्यार्थ्याने, पालकाने किंवा शिक्षकाने ‘लेखी’ केलेली हवी. म्हणजे एका कायद्याचं दार उघडायला आधी आपलं नाव कागदावर घालावं लागतं, आणि दुसरा कायदा म्हणतो की कागदावरचं तुझं नाव आम्ही लपवून ठेवू. या दोन कायद्यांच्या मधल्या फटीत निवासी डॉक्टर उभा असतो. त्याला ठाऊक असतं की ज्याच्याविरुद्ध अर्ज द्यायचा त्याच्याच शेजारी उद्या सकाळी सात वाजता राउंडला उभं राहायचंय, आणि पुढच्या दोन वर्षांच्या शस्त्रक्रिया, प्रबंधावरची सही, परीक्षा, सगळं त्याच इमारतीत आहे.

त्यात आणखी एक गोम. निवासी डॉक्टर विद्यार्थी की नोकर? फी भरतो, परीक्षा देतो, म्हणून विद्यार्थी. विद्यावेतन घेतो, रुग्णालय त्याच्या खांद्यावर चालतं, म्हणून नोकर. रजा मागितली की तो विद्यार्थी ठरतो आणि वॉर्ड रिकामा राहिला की नोकर. हे केवळ शब्दांचं भांडण नाही. अपंगत्व हक्कांच्या 2016 च्या कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे आणि नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही, असं त्याचं कलम 20 सांगतं. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रवींद्रकुमार धारीवाल प्रकरणात याच कायद्याच्या आधारे केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याला दिलासा दिला. मानसिक आजार असलेल्या माणसावर त्या आजारातून घडलेल्या वागण्यासाठी खातेनिहाय चौकशी लावणं हाही भेदभाव होऊ शकतो, असं न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी लिहिलं. कायम नोकरीतल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला हा निकाल उपयोगी पडेल. तीन वर्षांच्या कराराने राबणाऱ्या निवासी डॉक्टरला तो कितपत लागू होईल, यावर वकीलच वाद घालतील.

शिवाय कायद्याच्या व्याख्येत बसायला आजार हवा. विचार, मनःस्थिती, निर्णयशक्ती यांत मोठा बिघाड, अशी 2017 ची व्याख्या आहे. छत्तीस तास जागून झाल्यावर जिन्यात बसून रडणारी मुलगी त्या व्याख्येत येत नाही. ती आजारी नाही, ती थकली आहे. थकव्यासाठी वेगळा नियम आहे आणि तो फार जुना आहे. 5 जून 1992 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने निवासी डॉक्टरांचं काम सलग 12 तासांहून आणि आठवड्याला 48 तासांहून जास्त सहसा नसावं, असं ठरवलं. ‘सहसा’ या शब्दाने त्याचा जीव घेतला. 2023 च्या पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत आकडाच गेला, ‘वाजवी’ तास आणि ‘वाजवी’ विश्रांती आली. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आकडा परत आणला: आठवड्याला 74 तास. बत्तीस वर्षांत 48 चे 74 झाले, आणि ही सुधारणा म्हणून मांडली गेली.

त्या कृतिदलाचं काम मात्र हलक्याने घेण्यासारखं नाही. बंगळूरच्या निम्हान्सचे डॉ. सुरेश बडा मठ त्याचे अध्यक्ष होते. 25,590 पदवीचे विद्यार्थी, 5,337 पदव्युत्तर आणि 7,035 शिक्षक यांनी त्यांच्या पाहणीत उत्तरं दिली. पदवीच्या 27.8 टक्के आणि पदव्युत्तरच्या 15.3 टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झालेलं आहे असं सांगितलं. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळपास निम्मा कसा, हे मला खटकलं. रेसिडेन्सीत आल्यावर मुलं निरोगी होतात? की निदान करून घ्यायचंच थांबवतात? अहवाल वाचताना माझा कल दुसऱ्या उत्तराकडे झुकतो, पण तो कलच आहे.

मधे करोना येऊन गेला. 2020 च्या मे-जूनमध्ये जळगावचं नाव देशभर झालं ते मृत्युदरामुळे. जूनमध्ये तिथल्या शासकीय रुग्णालयात बेपत्ता असलेल्या एका वृद्ध रुग्ण महिलेचा मृतदेह काही दिवसांनी स्वच्छतागृहात सापडला, अधिष्ठाता निलंबित झाले, राज्यभर संताप उसळला आणि तो रास्त होता. जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा अवघं दोन वर्षांचं. एप्रिलमध्ये केंद्राने साथरोग कायद्यात वटहुकूम काढून आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्याला सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली होती. पुन्हा अंगाचं संरक्षण, आणि तेही तातडीने. रोज पीपीई किट चढवून त्या वॉर्डात शिरणाऱ्या परिचारिका, वॉर्डबॉय, इंटर्न यांना रात्री झोप लागत होती का, हे विचारणारी तरतूद त्या वटहुकुमात नव्हती. त्याच एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातल्या आपत्कालीन विभागाच्या डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी जीव दिला. मानसिक उपचार घेतले तर वैद्यकीय परवाना जाईल अशी धास्ती त्यांना होती, असं त्यांच्या कुटुंबाने सांगितलं. 2022 मध्ये अमेरिकेने त्यांच्या नावाने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्याचा कायदा केला, आणि परवान्याच्या अर्जातले ‘तुम्ही कधी मानसोपचार घेतले का’ असे प्रश्न काढायला एकेक राज्य लागलं. आपल्याकडे पायलच्या नावाने कायदा झाला नाही. 2022 च्या ऑक्टोबरात टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू झाली. 14416 हा नंबर कोणीही, कुठूनही फिरवू शकतं, केसपेपर न काढता. जळगावच्या होस्टेलमधल्या मुलाला त्या शेवटच्या तीन शब्दांचं मोल कळेल. जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि 309 गेलं. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणायला केलेल्या आत्महत्येच्या प्रयत्नाचं तेवढं एक कलम उरलं. 1986 मध्ये मुंबईत म्हटलेलं दिल्लीत पटायला अडतीस वर्षं लागली.

पायलच्या मृत्यूनंतर तिघींवर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचे, अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे आणि रॅगिंगविरोधी कायद्याचे आरोप ठेवले गेले. ऑगस्ट 2019 मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला. ऑक्टोबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नायरमध्ये परत जाऊन शिक्षण पूर्ण करू दिलं. खटला सुरूच राहिला.

आबेदा तडवी यांनी मात्र दुसरीही एक वाट धरली. 2019 मध्ये त्या, हैदराबाद विद्यापीठात जीव दिलेल्या रोहित वेमुला या विद्यार्थ्याच्या आई राधिका यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात गेल्या. शिक्षणसंस्थांमधला जातिभेद रोखायचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2012 चे नियम कागदावरच राहिले आहेत, एवढंच त्यांचं म्हणणं. याचिका वर्षानुवर्षं पडून होती. 2025 च्या जानेवारीत न्यायालयाने आयोगाला हलवलं, पुढच्या महिन्यात मसुदा आला, आणि 13 जानेवारी 2026 रोजी नवे विनियम अधिसूचित झाले. त्यांच्यावरून देशभर रण माजलं. 29 जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली आणि तोवर 2012 चेच नियम लागू राहतील असं सांगितलं. जे नियम कागदावरच राहिले म्हणून जळगावची ही आई साडेसहा वर्षांपूर्वी न्यायालयात गेली होती, तेच.